जामदारखान्यातले लोह

आपल्या घरांतून एखाद्या स्त्रीला थकवा येऊ लागला, तिचा चेहरा ओढलेला दिसू लागला, जिना चढताना मध्येच कठड्याला धरून तिला उभे राहावे लागले, की त्या साऱ्याचा निकाल एका वाक्यात लागतो : ‘रक्त कमी झालंय.’ हे वाक्य सासू म्हणते, शेजारीण म्हणते, गावातली आशाताई म्हणते आणि पुष्कळदा डॉक्टरही म्हणतात. ते बहुधा खरेही असते, आणि खरी अडचण तीच आहे. जे विधान निम्म्याहून अधिक स्त्रियांविषयी डोळे मिटून केले तरी खरे ठरते, त्या विधानापाशी चौकशी थांबते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पुरुषांत हेच प्रमाण २५ टक्के होते. महाराष्ट्राचा आकडा ५४ टक्क्यांच्या घरात होता आणि त्याआधीच्या पाहणीत तो ४८ होता, म्हणजे लोहाच्या गोळ्या वाटण्याची सरकारी योजना १९७० पासून या ना त्या नावाने चालू असताना तो खाली येण्याऐवजी वर सरकला.

वैद्यकाच्या दृष्टीने मात्र ‘रक्त कमी आहे’ येथून चौकशीचा आरंभ व्हावयास हवा. रक्त का कमी आहे, आहारातले लोह कमी पडते म्हणून, मासिक स्राव जास्त जातो म्हणून, आतड्यात जंत आहेत म्हणून, की शरीरात अन्यत्र कोठे एखादा दाह वर्षानुवर्षे धुमसतो आहे म्हणून, हे विचारल्यावाचून दिलेली गोळी लागू पडली तर तो योगायोग समजावा. ही चौकशी न झाल्यामुळे ज्या व्याधींना निर्धास्तपणे मूळ धरता येते, त्यांत ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे स्थान वरचे आहे. या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वतःच्या सांध्यांच्या अस्तरावर उलटते. ती पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळते, बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होते, आणि निरनिराळ्या पाहण्यांनुसार तिच्या रुग्णांपैकी एक तृतीयांशापासून निम्म्याहून अधिक रुग्णांत रक्तक्षय सोबत असतो.

या व्याधीची महाराष्ट्रातील सर्वांत भरवशाची नोंद पुणे जिल्ह्यातील भिगवणची आहे. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठचे हे गाव आज रोहित पक्ष्यांसाठी ओळखले जाते. परंतु १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमाखाली तेथे घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढ माणसांच्या सांध्यांची विचारपूस केली, आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे प्रमाण त्यांना सुमारे अर्धा टक्का आढळले. त्यापूर्वी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीनजीकच्या बल्लभगड भागातील पाहणीत डॉ. मालवीय आणि सहकाऱ्यांना ते पाऊण टक्का दिसले होते. अर्धा टक्का हा आकडा किरकोळ वाटण्याचा संभव आहे. दोन हजार प्रौढ वस्तीच्या गावात त्याचा अर्थ दहा माणसे असा होतो, आणि त्या दहांपैकी सहा-सात स्त्रिया असतात.

या स्त्रियांपैकी एकीचा हात सकाळी सहा वाजता पाहावा. बोटांचे मधले सांधे आणि मुठीची उंचवटे असलेली पेरे सुजलेली असतात. ती सूज दाबली तर हाडासारखी कठीण न लागता मऊ लागते. नखालगतचा शेवटचा सांधा बहुधा सुटलेला असतो. मनगट जाड झालेले असते, त्यामुळे बांगडी पुढे सरकत नाही, आणि अंगठी काढून डब्यात ठेवून काही महिने लोटलेले असतात. नळाला पाणी आले आहे, पण हंड्याच्या काठावर बोटे मिटत नाहीत; साडीचा पिळा घट्ट बसत नाही; कुकरचे झाकण फिरत नाही; भाकरी थापताना तळवा टेकवला की मनगटात कळ जाते. हा ताठरपणा तासभर, कधी दोन तास राहतो आणि मग कामाच्या रगाड्यात हळूहळू ओसरतो. दवाखाना उघडतो दहा वाजता, तिचा नंबर लागतो साडेअकराला, आणि तोवर तिची मूठ बऱ्यापैकी वळू लागलेली असते. टेबलापलीकडच्या माणसाला तेव्हा दिसतो तो फिकट चेहरा, पांढुरके डोळ्यांचे कोपरे आणि नऊवर आलेले हिमोग्लोबिन. तो लोहाच्या गोळ्या लिहून देतो, आणि दुखण्यासाठी सोबत एक वेदनाशामक. पन्नाशी-साठीनंतरची गुडघ्यांची झीज चालल्याने वाढते आणि बसल्याने उतरते. या व्याधीचा क्रम नेमका उलटा आहे, रात्रीच्या विश्रांतीनेच ती बळावते. तेवढा एक प्रश्न, ‘सकाळी उठल्यावर किती वेळ हात वळत नाहीत?’, विचारला गेला असता तर पुढची अनेक वर्षे वाचली असती.

बाळंतपणाचा विषय येथे ओघाने येतो. गर्भारपणात ही व्याधी पुष्कळ स्त्रियांत आपोआप शमते आणि प्रसूतीनंतरच्या महिन्यांत उसळून वर येते. काहींना तर ती त्याच काळात पहिल्यांदा जडते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच यांना गर्भारपणातील या उताराचेच कोडे पडले होते. शरीरच असा काही पदार्थ निर्माण करीत असले पाहिजे, या तर्काचा पाठपुरावा करता करता त्यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये एका एकोणतीस वर्षांच्या रुग्ण स्त्रीला कॉर्टिझोन टोचले. जी बाई अंथरुणावर कुशीला वळू शकत नव्हती ती थोड्याच दिवसांत चालू लागली, आणि दोन वर्षांनी हेंच नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. आपल्याकडे मात्र ओली बाळंतीण ‘बोटे धरतात’ म्हणाली, तर ‘बाळंतपणात वारा लागला’ असा दाखला तिच्या नावे लिहून फाइल बंद होते. शेक-शेगडी वाढते, अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू सुरू होतात. अळीव हा लोहाचा उत्तम साठा असल्यामुळे त्या खिरीविषयी माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या दाखल्याविषयी.

स्त्रीच्या वाट्याला आलेल्या या व्याधीची आधुनिक वैद्यकातील पहिली सुसंगत नोंदही स्त्रियांवरूनच झाली. इ. स. १८०० मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात लांद्रे-बोव्हे नावाच्या तरुण वैद्याने आपल्या प्रबंधात ज्या नऊ रुग्णांचे वर्णन केले, त्या नऊही स्त्रिया होत्या. सधन पुरुषांना मद्यमांसाच्या अतिरेकाने होणाऱ्या ‘गाउट’पेक्षा हा विकार वेगळा आहे, तो दरिद्री आणि दुर्बळ स्त्रियांना अधिक होतो, असे त्याने बजावले, पण वैद्यकाचे लक्ष श्रीमंतांच्या अंगठ्याकडे लागलेले असल्यामुळे त्याच्या म्हणण्याची फारशी दखल घेतली गेली नाही. ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ ही संज्ञा १८५९ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी रूढ केली. आपल्या प्राचीन ग्रंथांकडे पाहिले तर चरकसंहितेत पांडुरोगाला स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात लोह व मंडूर यांचे कल्प सांगितलेले आहेत. आमवाताला स्वतंत्र अध्यायाचा मान त्यानंतर कित्येक शतकांनी माधवनिदानात मिळाला. ग्रंथकारांनी दोन विकार दोन प्रकरणांत ठेवले, यात त्यांचा दोष नाही. एकाच देहात ते एकमेकांत कसे गुंततात, हे कळण्याची साधने एकविसावे शतक उजाडेपर्यंत कोणाजवळच नव्हती.

ही गुंतागुंत नीट समजून घेण्यासारखी आहे. प्रौढ माणसाच्या देहात तीन ते चार ग्रॅम लोह असते आणि त्याचा मोठा हिस्सा तांबड्या पेशींत असतो. तांबडी पेशी सुमारे एकशेवीस दिवस जगते. ती मेली की प्लीहा आणि यकृत यांतील भक्षकपेशी तिला गिळून तिच्यातील लोह पुन्हा रक्तात सोडतात, आणि नव्या पेशींसाठी अस्थिमज्जेला रोज लागणारे वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह बहुतांशी या जुन्या मालातूनच पुरवले जाते. अन्नातून नव्याने येणारी भर दिवसाला अवघी एक-दोन मिलिग्रॅम असते. पेशवाईतल्या जामदारखान्याची व्यवस्था डोळ्यांसमोर आणली तर हा व्यवहार चटकन ध्यानात येईल : वसुली थोडी, उलाढाल मोठी, आणि सारी मदार दरवाजावरच्या अंमलदारावर. देहातील हा अंमलदार म्हणजे यकृतात तयार होणारे ‘हेप्सिडिन’ हे अवघ्या पंचवीस अमिनो आम्लांचे संप्रेरक. त्याचा शोध २००० सालच्या सुमारास लागला, आणि भक्षकपेशींच्या व आतड्याच्या दारावरील ज्या प्रथिनातून लोह बाहेर पडते त्यालाच ते जप्त करून टाकते, हे टॉमस गांझ आणि एलिझाबेटा नेमेथ यांच्या चमूने २००४ मध्ये दाखवून दिले. जंतूंनाही वाढीसाठी लोह लागते. तेव्हा संसर्गाच्या काळात त्यांची रसद तोडण्यासाठी हेप्सिडिन वाढवून कोठाराचे दरवाजे लावून घेणे, ही मोठ्या शहाणपणाची तजवीज होय. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात जंतूचा मागमूस नसतो. तरी सुजलेल्या सांध्यांतून ‘इंटरल्युकिन-६’ नावाचे दाहद्रव्य रात्रंदिवस पाझरत राहते, यकृत त्यालाच शत्रू चालून आल्याची वर्दी समजते, आणि युद्धाच्या दिवसांपुरता काढावयाचा हुकूम वर्षानुवर्षे जारी राहतो. कोठार भरलेले आणि अस्थिमज्जा उपाशी, अशी ही अवस्था आहे. भरीस भर म्हणून दाहामुळे मूत्रपिंडांतून येणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाला मज्जा पुरता प्रतिसाद देत नाही, आणि तांबड्या पेशींचे आयुष्यही थोडे घटते.

एवढेच असते तर निदान निदान तरी सोपे झाले असते. पण आपल्याकडील स्त्रीच्या देहात बहुधा दोन्ही रक्तक्षय एकाच वेळी नांदत असतात. दर महिन्याच्या स्रावात साधारण पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह जाते; एका गर्भारपणाची एकूण गरज जवळजवळ एक ग्रॅम असते; घरात सर्वांच्या मागून जेवणारीच्या ताटात पालेभाजीचा उरलेला घास येतो, आणि त्यावर लगेच घेतलेला चहा त्यातील लोहाचे शोषण कमी करतो. त्यात वेदनाशामकांची भर पडते. डायक्लोफिनॅक आणि तिच्या जातीच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून आणून महिनोन्‌महिने घेतल्या की जठराच्या अस्तरावर व्रण होतात आणि त्यांतून रक्त थेंबाथेंबाने, कोणाच्या लक्षात न येता, झिरपत राहते. संधिवातावर हमखास म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी भुकट्यांत तर अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले निघते; हेंच यांच्या त्या चमत्कारी औषधाचाच हा चोरवाटेने आलेला वंशज. म्हणजे सांध्यांसाठी घेतलेले औषध रक्त घालवते, आणि रक्तासाठी दिलेले लोह सांध्यांच्या दाहामुळे आतड्याच्या दारातच अडते. तीन महिने गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन हलले नाही की आरोप येतो तो बाईवर : ‘गोळ्या घेतच नसणार, फेकून देत असणार.’ काही जणी फेकतात, हे मान्य. गोळीने मळमळते, पोट दुखते, शौचाला काळे होते. परंतु नियमाने गोळी घेणाऱ्या स्त्रीलाही हाच शेरा मिळतो, आणि तिच्या बाजूने साक्ष देणारी तपासणी कोणी मागवत नाही.

ती तपासणी म्हणजे फेरिटिन. निरोगी स्त्रीत फेरिटिन पंधराच्या खाली गेले की लोहाचा साठा संपला, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. दाहाच्या काळात मात्र फेरिटिन आपोआप फुगते. त्यामुळे संधिवाताच्या रुग्णाचे फेरिटिन चाळीस आले म्हणजे साठा पुरेसा आहे असे समजणे धोक्याचे असते. अशा अवस्थेत सत्तरच्या खालचा आकडा लोहन्यूनतेचा मानावा, असे संघटनेने २०२० मध्ये सांगितले, आणि अनेक तज्ज्ञ ही मर्यादा शंभरपर्यंत नेतात. म्हणजे प्रयोगशाळेच्या छापील कागदावर जो आकडा ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसतो, तोच या स्त्रीच्या बाबतीत न्यूनतेचा पुरावा असू शकतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आणखी एक सावधगिरी हवी : तेथे फिकटपणा आणि सांधेदुखी एकत्र दिसली तर सिकलसेलची परीक्षा आधी करावी, कारण त्या रक्तदोषातही हाडे-सांधे असह्य दुखतात.

आणखी एक फसवी परीक्षा म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाची ‘ईएसआर’. दोनशे मिलिमीटर खुणांची एक अरुंद काचनळी रक्ताने भरून अगदी उभी ठेवतात. तासाभरात तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर द्रवाचा जो स्तंभ उरतो, त्याची उंची म्हणजे ईएसआर. स्वीडनच्या रॉबर्ट फोरेउस यांनी १९१८ मध्ये या घटनेकडे लक्ष वेधले ते गर्भधारणेची परीक्षा शोधताना; तेव्हा या नळीचा आणि स्त्रीदेहाचा संबंध आरंभापासूनचा आहे. दाह वाढला की पेशी लवकर खाली बसतात, हे खरे. पण रक्तात मुळात पेशीच कमी असल्या तरीही त्या लवकर खाली बसतात. परिणामी रक्तक्षय असलेल्या स्त्रीचा ईएसआर तिच्या सांध्यांच्या खऱ्या अवस्थेपेक्षा अधिक भयंकर दिसू शकतो, आणि ज्या गुणांकांवरून औषधाची मात्रा ठरते त्यांपैकी काहींत हा आकडा थेट मिसळलेला असतो. सीआरपी या परीक्षेला हा दोष लागत नाही. ती सोबत करून घ्यावी.

आता ज्या हकीकतीसाठी मी हा विषय मनात घोळवत होतो, तिच्याकडे वळतो. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या चाळिशीच्या इंग्रज संशोधिका मुंबईस आल्या. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये भरणाऱ्या हाफकिन संस्थेत त्यांनी ठाण मांडले. भोवताली गिरणगाव होते, आणि गिरणीत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गर्भारपणी जडणारा एक भीषण रक्तक्षय हा त्यांच्या चौकशीचा विषय होता. या स्त्रियांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी असल्या तरी आकाराने फुगलेल्या असत, म्हणजे हा लोहाच्या अभावाचा नेहमीचा रक्तक्षय नव्हता. जंतू शोधून झाले, सापडले नाहीत. मग त्यांनी त्या स्त्रियांच्या स्वयंपाकघरांकडे मोर्चा वळवला, त्यांच्या आहाराचा नमुना घेऊन प्राण्यांवर प्रयोग केले, काही काळ कुन्नूरच्या पाश्चर संस्थेतही काम केले. अखेर ‘मार्माइट’ या यीस्टपासून बनवलेल्या स्वस्त पदार्थाने ते आजारी जीव सुधारतात असे दिसून आले, मुंबईतील गर्भवती स्त्रियांनाही त्याचा गुण आला, आणि १९३१ मध्ये त्यांचा निबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. यीस्टमध्ये नेमके काय होते हे तेव्हा ठाऊक नव्हते. त्या अनामिक द्रव्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणत. पुढे ते फोलिक ॲसिड ठरले.

येथून कथा अटलांटिकपलीकडे जाते. न्यूयॉर्कनजीकच्या लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातील भीमावरमच्या सुपुत्राच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये फोलिक ॲसिडचे कृत्रिम संश्लेषण साधले. त्यामागून त्याच चमूने फोलिक ॲसिडचे सोंग घेऊन पेशींना चकवणारी द्रव्ये तयार केली, आणि बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ती रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त बालकांना देऊन १९४८ मध्ये नवे युग सुरू केले. सुब्बाराव त्याच वर्षी निवर्तले. या द्रव्यांपैकी एकाचे नाव मेथोट्रेक्सेट. १९५१ मध्ये त्याच्या एका भावंडाचा संधिवातावर प्रयोग झाला, पण कॉर्टिझोनच्या झगमगाटात तिकडे कोणी पाहिले नाही. १९८५ च्या सुमारास त्याच्या अल्प मात्रेची रीतसर परीक्षा झाली, १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला या व्याधीसाठी मान्यता मिळाली, आणि आज ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या उपचाराचा मुख्य आधार तेच आहे. त्याच्यासोबत रुग्णाला फोलिक ॲसिडची गोळी देतात, कारण मेथोट्रेक्सेटचे तोंडाला छाले येणे, मळमळणे, यकृतावर ताण पडणे असे उपसर्ग त्याने कमी होतात. परळच्या गिरणी कामगार स्त्रीच्या रक्तक्षयातून निघालेला धागा असा संधिवात झालेल्या स्त्रीच्या औषधाच्या डबीत येऊन पोचतो, आणि त्या डबीत रोग आवरणारे द्रव्य व रक्त सांभाळणारे द्रव्य शेजारी शेजारी असतात. वैद्यकाच्या इतिहासात एवढा सुघड योग क्वचितच जुळून आला असेल. गिरणगावातल्या त्या स्त्रियांची नावे मात्र कोठे नोंदलेली नाहीत.

या औषधाविषयी एक सूचना ठळक अक्षरांत छापण्याजोगी आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. घरातल्या कोणी, किंवा दुकानदाराने, चुकून ‘रोज एक’ असे सांगितले तर अस्थिमज्जा बंद पडण्याइतका अनर्थ होतो. वार ठरवून तो कॅलेंडरवर लिहून ठेवावा. फोलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या दिवशी घ्यावी. ठरलेल्या मुदतीने रक्ततपासणी करावी. आणि मूल हवे असेल तर डॉक्टरांना पुरेसे आधी सांगून ते बंद करावे, कारण गर्भाला ते घातक आहे.

दाह आटोक्यात आला की हेप्सिडिन उतरते, अडलेले लोह वाहू लागते आणि हिमोग्लोबिन हळूहळू वर येते. इंटरल्युकिन-६ ला अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबसारख्या महागड्या इंजेक्शनांनी तर लोहाचा कणही न देता ते वाढलेले आढळते. ज्यांच्यात दोन्ही रक्तक्षय आहेत, त्यांना शिरेतून लोह देण्याची सोय आता तालुक्याच्या गावीही अपूर्वाईची राहिलेली नाही. तेव्हा लोह हवे की दाहशमन, हा वाद निरर्थक आहे. बहुतेक स्त्रियांना दोन्ही हवे असते. फक्त कोणते आधी आणि किती, हे तपासणीवाचून कोणालाही ठरवता यावयाचे नाही, आणि ते न ठरवता वर्षानुवर्षे लाल गोळ्यांची पाकिटे हातावर ठेवणे हा शुद्ध हलगर्जीपणा आहे.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती : घरातील कोणा स्त्रीने नियमाने गोळ्या घेऊनही तीन महिन्यांत तिचे रक्त वाढले नसेल आणि सकाळी तासभर तिची बोटे वळत नसतील, तर फेरिटिन, सीआरपी, ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या तपासण्या डॉक्टरांकडे नावाने मागाव्यात, आणि शक्य तर तिला संधिवाततज्ज्ञाकडे, हात सुजलेले असतानाच, सकाळच्या पहिल्या वेळेला न्यावे. व्याधी सुरू झाल्यापासून पहिल्या काही महिन्यांतच योग्य उपचार सुरू झाले, तर बोटे वाकडी होणे बहुतेक रुग्णांत टाळता येते. एकदा वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत.